सही करण्याआधी मित्राला फोन कर

पत्र (थोडं आटोपशीर करून देते आहे):

ताई, मी ३२ वर्षांचा आहे. नऊ वर्षं रॅप करतोय. दोन ईपी (अल्बमपेक्षा छोटे संच) आल्या, सगळी मिळून चाळीसेक गाणी आहेत. शो मिळतात, पण घर दिवसाच्या नोकरीवरच चालतं. आता एका लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) २६ पानांचा करार पाठवलाय. अ‍ॅडव्हान्स माझ्या दीड वर्षाच्या पगाराएवढा. एक अल्बम पक्का आणि पुढचे चार ‘ऑप्शन’. मास्टर त्यांचे. शो आणि टी-शर्टच्या पैशातही त्यांना वाटा हवाय. माझे सगळे बीट शाळेपासूनच्या मित्राने बनवलेत. त्याचं नाव करारात नाही. पुढे आमचे प्रोड्यूसर (बीट बनवणारे) असतील, असं लेबल म्हणतं. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. शिवाय त्यांना माझी ‘कहाणी’ जरा कडक हवी आहे. माझे वडील शिक्षक आहेत, पोलीस स्टेशनची पायरी मी कधी चढलेलो नाही. आणि तीन महिने झाले, एक ओळ सुचत नाहीये. वय तर पळतंच आहे. सही करू का?
– थकलेला एमसी

प्रिय थकलेल्या एमसी,

बावीस वर्षं मी मिक्सिंगच्या टेबलावर काढली. त्या कामात एक खोड लागते: पुढे ठेवलेल्या आवाजापेक्षा मागे दाबलेला आवाज आधी ऐकू येतो. तुझ्या पत्रात वय, अ‍ॅडव्हान्स आणि मास्टर पुढे आहेत. मित्र मध्येच कुठेतरी दोन-तीन वाक्यांत येतो आणि लगेच बाजूला होतो. ‘त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही’ या वाक्याचा आवाज तू शून्यावर नेऊन ठेवलायस. मी तो वर ओढणार आहे, राग मानू नकोस.

सही करायची की नाही हे नंतर पाहू. आधी सांग, ती चाळीस गाणी कुणाची आहेत?

‘माझी’ असं तू चटकन म्हणशील. शब्द तुझे, आवाज तुझा, पोस्टरवरचं नावही तुझं. पण गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी त्या रचनेचं ध्वनिमुद्रण, ज्याला आपण मास्टर म्हणतो. रॅपमध्ये संगीत म्हणजे बीट. मग रचनेतला संगीताचा भाग तुझ्या मित्राचा. ध्वनिमुद्रण त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या हाताने झालं असेल, आणि त्याने पैसे घेऊन हक्क सोडल्याचा कुठे कागद नसेल, तर मास्टरवरही तो बोट ठेवू शकतो. आपल्या धंद्यात रचनेतले निम्मे शब्दांचे आणि निम्मे बीटचे, अशी पद्धत पडली आहे. ती नुसती पद्धत आहे, कायदा नाही. तुमच्यात काय ठरलं होतं? मला वाटतं काहीच ठरलं नव्हतं. ‘आपलंच आहे रे’ एवढ्यावर नऊ वर्षं गेली असतील.

आता करार उघड आणि हमीचं कलम शोध. जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंग करारात ते असतं. मी देत असलेलं काम पूर्णपणे माझ्या मालकीचं आहे, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, आणि उद्या कुणी दावा केला तर होणारं नुकसान मी भरून देईन, अशा अर्थाची तीन-चार लांबलचक वाक्यं. जुन्या गाण्यांपैकी एक जरी या करारात जात असेल, किंवा नव्या अल्बममध्ये त्याच्या एखाद्या पडून राहिलेल्या बीटवर काही करायचा तुझा विचार असेल, तर या कलमाखाली सही करताना तू खोटं लिहून देशील. लेबलच्या वकिलाने हे मुद्दाम केलेलं नसतं, छापील मसुद्यात ते आधीपासूनच असतं. पण ज्या दिवशी मित्र हक्क मागेल, त्या दिवशी त्याच्यासमोर लेबल उभं नसेल. तू असशील, स्वतःच्या सहीसकट.

हिपहॉप मुळात कुणाचं होतं, हे तुला माहीत असणारच, तरी या निमित्ताने पुन्हा आठवून बघ. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कच्या बहिणीने पार्टी ठेवली. हर्क दोन टर्नटेबलवर (तबकड्या वाजवायच्या यंत्रांवर) गाण्यातला फक्त ढोलाचा तुकडा लांबवत राहिला आणि लोक नाचत राहिले. माइकवर बोलणारा, म्हणजे एमसी, त्या वेळी डीजेचा हाताखालचा माणूस होता, गर्दीला ललकारी देणारा. जुन्या जोड्यांच्या नावांचा क्रम पाहा: ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह, एरिक बी अँड राकिम, डीजे जॅझी जेफ अँड द फ्रेश प्रिन्स. डीजे आधी, एमसी नंतर. पुढे कॅमेरा माइककडे वळला आणि यंत्रामागचा माणूस अंधारात गेला. तुझ्या करारात मित्राचं नाव नाही, हा लेबलचा काही खास दुष्टपणा नाही. गेली चाळीसेक वर्षं हेच चाललंय.

१९७९ ची एक गोष्ट मला यात सगळ्यात जास्त टोचते. ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅपचं पहिलं मोठं गाजलेलं रेकॉर्ड. त्याखालचं संगीत होतं शिक या बँडच्या ‘गुड टाइम्स’मधलं. शिकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हक्क सांगितला आणि गीतकार-संगीतकार म्हणून त्यांची नावं लागली. त्याच गाण्यात रॅपर बिग बँक हँक ज्या ओळी म्हणतो, त्यातल्या बऱ्याच ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या वहीतल्या. हँक तेव्हा पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि कॅझच्या ग्रुपचं व्यवस्थापनही बघायचा. ओळखीतला माणूस म्हणून कॅझने वही दिली. गाणं जगभर गेलं आणि कॅझचं नाव त्यावर लागलं नाही. एकाच रेकॉर्डमध्ये परक्यांना हिस्सा मिळाला, कारण ते हक्क सांगायला उभे राहिले. ओळखीतला कॅझ वाट बघत राहिला. तुमच्या दोघांच्या गोष्टीत कॅझ कोण आहे, हे मी सांगायला नको.

माझंही ऐक. तिशीच्या आत असताना मी एका दुकलीचं गाणं मिक्स केलं. हुक (परतपरत येणारा मुख्य तुकडा) फिका वाटत होता, मी दोन ओळी बदलून दिल्या, चालही जराशी फिरवली. ‘ताई, यात तुझा हिस्सा’ असं दोघंही म्हणाले. मीही हसून ‘असू दे रे’ म्हणाले, कारण पैशाचं काढलं तर मैत्री बाटेल असं मला वाटायचं. भीड भिकेची बहीण, ही म्हण लहानपणापासून ऐकलेली, पण तिचा अर्थ त्या गाण्याने शिकवला. ते पुढे एका जाहिरातीत वाजलं. पैसे त्यांना मिळाले, मला नाही. ते ठीक, पचवलं. पण त्या दोघांचंही आपसात काही ठरलेलं नव्हतं, आणि आज आम्ही तिघंही एकमेकांशी बोलत नाही. कागद नव्हता म्हणून पैसे गेले, हे तर झालंच. माणसंही त्यामुळेच गेली. कागद करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मी तेव्हा समजत होते. आता मला उलटं वाटतं. अर्ध्यावर तुझं नाव लिहून देतो असं म्हणणाऱ्याइतका विश्वास आणखी कोण दाखवतो?

त्याला फोन कर. मेसेज नको, व्हॉइस नोट तर नकोच नको. शक्य असेल तर समोर बस. करार आलाय हे पहिल्या पाच मिनिटांत सांग. तासभर गप्पा मारून निघताना दारात सांगितलंस, तर आधीच्या तासाचं मातेरं होईल. त्याला २६ पानं वाचायला दे. मात्र मसुदा गुप्त ठेवायची अट तू आधीच मान्य केली असशील तर आधी लेबलला विचार. मग चाळीस गाण्यांची यादी काढा आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहा: शब्द कुणाचे, बीट कुणाचा, हुक कुणी सुचवला, आणखी कुणी गायलं-वाजवलं, रचनेत कुणाचे किती टक्के, मास्टरमध्ये कुणाचे किती. तारीख, दोघांच्या सह्या. याला स्प्लिट शीट म्हणतात. प्रत्येक गाण्याला एक पान पुरतं. ‘त्या गाण्यांतून मिळतंय तरी किती, कशाला वाटण्या’ असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल. खरं आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच धरत नाहीत. तुमची बरीच गाणी त्यात बसत असतील. म्हणून तर आजच वाटून घ्या. शून्याची वाटणी हसत-खेळत होते. गाणं गाजल्यावर तीच वाटणी वकील करतात.

यादी करताना एक अवघड प्रश्न त्याला विचारावा लागेल: कुठल्या बीटमध्ये कुणाचं सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा, आहे? कुणाचंच नाही, असं तो म्हणाला तर पुन्हा विचार. जुन्या रेकॉर्डमधला दीड सेकंदाचा बासही सॅम्पलच. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीने गायक गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. निकाल मार्कीच्या विरोधात लागला आणि तेव्हापासून परवानगीशिवाय सॅम्पल घ्यायला सगळेच बिचकू लागले. परवानगी घेतलेलीही पुरत नाही कधीकधी. डी ला सोल या रॅप त्रिकुटाचा पहिला अल्बम १९८९ चा. त्यांच्या सॅम्पलचे जुने कागद कॅसेट आणि तबकड्यांच्या काळातले, डिजिटल विक्रीचा विचार न करता केलेले. ती गुंतागुंत आणि लेबलशी चाललेला वाद यांत त्यांचे गाजलेले अल्बम वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर येऊच शकले नाहीत. एक पिढी त्यांना न ऐकताच मोठी झाली. अखेर ३ मार्च २०२३ ला ती गाणी आली. त्रिकुटातला ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे, १२ फेब्रुवारीला गेला होता.

आता लेबलकडे येते.

मी लेबलच्या विरोधात नाही. लेबलकडे पैसा असतो, ओळखी असतात, आणि सकाळी उठून तुझ्या गाण्यासाठी फोन फिरवायला पगारी माणसं असतात. तुझ्याकडे नोकरी आहे आणि संध्याकाळचे तीन तास आहेत. पण अ‍ॅडव्हान्सला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, ‘उचल’, आणि तो शब्द वापरलास की डोकं ताळ्यावर राहतं. दीड वर्षाचा पगार बक्षीस मिळत नाहीये, तू उचल घेतो आहेस. ती तुझ्या वाट्यातून फिटणार. समजा उचल १०० आहे आणि तुझा वाटा २० टक्के. गाण्यांनी २०० मिळवले तर तुझ्या खात्यात जमा ४०, म्हणजे ६० अजून फेडायचेत. पूर्ण फिटायला गाण्यांनी ५०० मिळवावे लागतील. तोवर लेबलकडे ४०० गेलेले असतील आणि तुला वर एक पैसा मिळालेला नसेल. स्टुडिओ, व्हिडिओ, प्रसिद्धी यांचा आणखी १०० खर्च तुझ्याच खात्यात मांडला, तर ५०० चे १००० होतात. टीएलसी या अमेरिकी गायक त्रिकुटातल्या पोरींनी १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्यांचा अल्बम दणदणीत खपत होता. लोकांना वाटलं उधळपट्टी केली असेल. पण त्यांच्या करारातला वाटाच इतका बारीक होता आणि वळते होणारे खर्च इतके होते की खपाचा ढीग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

ऑप्शन शब्दानेही फसू नकोस. ऐकायला वाटतं की निवड तुझी. निवड त्यांची असते. पहिला अल्बम चालला तर ते पुढचे चार जुन्याच दरात मागतील, पडला तर तुला सोडून देतील. पाच अल्बम म्हणजे तुझ्या वयात आठ-दहा वर्षं सहज. एक किंवा फार तर दोन ऑप्शन आणि प्रत्येक ऑप्शनला वाढता दर, हे मागितलंस तर कुणी तुला वेडा म्हणणार नाही. मास्टर कायमचे द्यायचे नसतात असं मी म्हणत नाही, पण काही वर्षांनी ते परत यावेत असं कलम माग. दहा वर्षं, पंधरा वर्षं, काहीतरी आकडा लिहून घे. शोच्या पैशात वाटा हवा असेल तर त्या बदल्यात शोसाठी ते नेमकं काय करणार, तेही लिहायला लाव. शो आज तू स्वतः मिळवतोस. त्यात वाटा का द्यायचा, याचं उत्तर त्यांच्याकडे असेल तर ऐकून घे. मला तरी सुचत नाही. आणि हिशेब तपासायचा हक्क. हे कलम नसेल तर बाकीची सगळी टक्केवारी कागदावरची शोभा आहे.

करार वाचायला लेबलने सुचवलेला वकील घेऊ नकोस, तो कितीही गोड माणूस असला तरी.

दोन माणसं मला इथे आठवतात. वू-टँग क्लॅन या रॅप ग्रुपचा आरझा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लाउड रेकॉर्ड्सशी बोलत होता, तेव्हा त्याने मोठ्या रकमेपेक्षा एक अट धरून ठेवली: ग्रुपमधल्या प्रत्येकाला सोलो अल्बम दुसऱ्या लेबलसोबत करता यायला हवा. मग मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे, जिझा गेफेनकडे. उचल थोडी कमी, पण पायात दोरी नाही. दुसरा रॅपर निप्सी हसल. त्याने २०१३ मध्ये एक मिक्सटेप (लेबलशिवाय काढलेला गाण्यांचा संच) ऑनलाइन फुकट दिली आणि तिच्या १००० प्रती १०० डॉलरला एक अशा विकल्या. जे-झीने त्यातल्या १०० घेतल्या. लेबल नको असं निप्सीचं नव्हतं. नंतर तो एका मोठ्या कंपनीशी भागीदारीत गेला, पण हातात काहीतरी धरून गेला. तू आज हातात काय धरून जातो आहेस? चाळीस गाणी. ती आधी धड तुमच्या नावावर तरी होऊ देत.

आता त्या ‘कडक’ कहाणीबद्दल. खोटं पकडलं गेलं की कारकीर्द संपते, असं सांगून मी तुला घाबरवणार नाही, कारण ते खरं नाही. रॅपर रिक रॉस एकेकाळी तुरुंगात अधिकारी होता हे २००८ मध्ये बाहेर आलं. आधी त्याने नाकारलं, मग मान्य केलं, आणि त्यानंतरही तो वर्षानुवर्षं गाजत राहिला. मग अडचण काय? एक म्हणजे, रॅपच्या ओळी आजकाल कोर्टात वाचल्या जातात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या खटल्यात रॅपर यंग थगच्या गाण्यांतल्या काही ओळी पुरावा म्हणून मांडायला न्यायाधीशांनी सशर्त परवानगी दिली. कॅलिफोर्नियाला २०२२ मध्ये अशा वापरावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. न केलेल्या गुन्ह्यांची कबुली यमक जुळवून देत बसणं हा कसला धंदा? आणि दुसरं म्हणजे कंटाळा. ते सोंग तुला पाच अल्बम वठवावं लागेल. मुलाखतीत, शोमध्ये, स्टेशनवर ओळखणाऱ्या पोरांसमोर.

सोंगाला माझा विरोध नाही हं. रॅपर एमएफ डूम मुखवटा घालूनच आला. डॅनियल ड्युमिले त्याचं नाव. आधी भावाबरोबर केएमडी ग्रुपमध्ये होता. १९९३ मध्ये भाऊ गाडीखाली गेला, पुढच्या वर्षी लेबलने अल्बम रद्द करून ग्रुपलाही काढलं. काही वर्षं तो दिसेनासा झाला आणि परतला तो धातूचा मुखवटा घालून, खलनायक बनून. पण तो मुखवटा सगळ्यांना दिसत होता. हा माणूस सोंग करतोय हे ऐकणाऱ्याला ठाऊक होतं आणि त्यातच मजा होती. लेबल तुला जे घालायला सांगतंय ते चेहऱ्याच्या रंगाचं आहे. शिक्षकाच्या घरातला मुलगा रॅप करतो, यात लिहिण्यासारखं काहीच नाही असं खरंच वाटतं तुला? तपासायच्या वह्यांचा ढीग, लाल शाई, वर्गात बापच शिकवायला आल्यावर होणारी पंचाईत. हे मी तुला फुकट दिलं. स्प्लिट शीटवर नाव नको.

वयाचं फार लावून घेऊ नकोस. रॅपर नासने पहिला अल्बम केला तेव्हा तो २० वर्षांचा होता. त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं २०२१ मध्ये, ४७ व्या वर्षी. रॅपर किलर माइकला २०२४ मध्ये एकाच संध्याकाळी तीन ग्रॅमी मिळाले, वय ४८. ही मोठी माणसं, त्यांच्याशी आपली तुलना नको हे मलाही कळतं. पण ३२ व्या वर्षी दम लागत असेल तर झोप मोज, आणि शोमध्ये कानात इअरप्लग घाल. कान गेले की परत येत नाहीत; माझा डावा कान सतत शिट्टी वाजवत असतो. नोकरी इतक्यात सोडू नकोस. उचल हातात आली तरीही.

आणि ओळ का सुचत नाही? हा माझा अंदाज आहे, चुकला तर चुकला. नऊ वर्षं तू कुठलीही नवी ओळ पहिल्यांदा कुणाला म्हणून दाखवलीस? त्यालाच ना. त्याचा बीट लावायचा, चार बार (चार-चार ठोक्यांच्या ओळी) म्हणायचे, आणि मान हलते का बघायचं. करार तीन महिन्यांपूर्वीच्या आसपास आला असावा. तेव्हापासून त्याच्यासमोर बसलास की तोंडात एक गोष्ट अडकलेली असते. तिच्या मागून दुसरं काही बाहेर कसं येणार? तोवर हात चालू ठेवायचा असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ९० वर लाव, बीट नको, आणि रोज १६ बार लिही. ९० च्या लयीत १६ बार म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. वाईट लिही, फाडून टाक, पण ४३ सेकंद भर.

तो चिडेल याची तयारी ठेव. ‘तीन महिने लपवलंस?’ हे तो म्हणणारच आणि त्यावर तुझ्याकडे उत्तर नाही. उत्तर शोधूही नकोस. ‘हो, लपवलं, भीती वाटली’ एवढं पुरे. त्यानंतर वाटा बऱ्याच आहेत. अल्बममधली निदान निम्मी गाणी त्याच्या बीटवर, प्रत्येक गाण्याला ठरलेलं मानधन आणि विक्रीत तीन-चार टक्के, जे या धंद्यात प्रोड्यूसरला मिळतातच, असं तू लेबलसमोर मांडू शकतोस. कदाचित तोच म्हणेल, जा तू, मला या भानगडीत पडायचं नाही, फक्त जुनी गाणी नीट लिहून दे. कदाचित तो म्हणेल सही करू नकोस. ते मत म्हणून ऐक, निर्णय तुझाच राहू दे. लेबल प्रोड्यूसरच्या मुद्द्यावर अजिबात हलत नसेल, तर पुढच्या आठ-दहा वर्षांत ते किती हलेल याचा नमुना तुला आताच मिळाला म्हणायचं.

गँग स्टार या दुकलीतले रॅपर गुरू आणि डीजे प्रीमियर १९८९ पासून एकत्र होते. एकाचा तो सपाट, खर्जातला आवाज आणि दुसऱ्याचे तोडून-जोडून बांधलेले बीट. ऐकताना दोन माणसं आहेत हे विसरायला व्हायचं. २००३ च्या अल्बमनंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एप्रिल २०१० मध्ये गुरू गेला, तेव्हा वर्षानुवर्षांचा अबोला तसाच होता. पुढे गुरूने मागे ठेवलेले आवाजाचे ट्रॅक प्रीमियरने मिळवले, त्यांच्याभोवती बीट बांधले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये गँग स्टारचा अल्बम आला. अल्बम चांगला आहे. मी तो मिक्सरच्या कानाने ऐकायला बसले आणि अर्ध्यात बंद केला. एक माणूस गाणाऱ्याच्या रिकाम्या बूथकडे बघत बीट बनवतोय, हे मला ऐकू येत राहिलं.

तर लेबलला आज मेल टाक: मसुदा मिळाला, वकिलाला दाखवतो आहे, तीन आठवडे लागतील. ही मुदत मागणं अगदी नेहमीचं आहे. शुक्रवारपर्यंत सही नाही तर विषय संपला, असं उत्तर आलं तर संपू दे. आणि मित्राकडे जाताना एक रिकामी हार्ड डिस्क घेऊन जा. नऊ वर्षांची सगळी सेशन (गाण्यांच्या मूळ फायली) त्याच्या एकाच कॉम्प्युटरवर असणार, पैज लावते. त्यांची प्रत काढायला रात्र जाईल, तोवर यादी करून होईल.